व्हॉल्व्ह घासणारी

ती केस कोर्टात निकाली निघाली, माझ्या मनातून मात्र गेली नाही.

मी होमगार्ड होते. शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या ठाण्यात तेव्हा महिला शिपाई नव्हती, म्हणून एखाद्या बाईचा जबाब असला की मला बोलावणं यायचं. बाईच्या बाजूला बसायचं, पाणी द्यायचं, एवढंच काम. बोलायचं नसायचं, ते मला बरं वाटायचं.

ठाणं मुलचेऱ्याकडचं. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे नदीपलीकडून मोटारसायकलींवर दारू यायची. त्यातली एक गाडी आमच्या जीपला कधीच सापडत नव्हती. एका दुपारी त्याच गाडीने सायकलवर घरी निघालेल्या माणसाला उडवलं. तो जागीच गेला. चालवणारा गाडी नाल्यात टाकून जंगलात पळाला.

गाडी ठाण्यात आणली. आमची जीप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडलं आणि त्याचा वरचा भाग, हेड, हातात धरून म्हणाला, "साहेब, हे कंपनीचं राह्यलं नाई. हवा-पेट्रोल जायची वाट कोरून रुंद केली. ती वाट उघड-बंद करणारे व्हॉल्व्ह मोठे, स्प्रिंगा कडक, कॅमही दुसराच. हे धावाले वाघ, पण उभं राह्यलं की दमेकऱ्यासारखं धापा टाकते."

साहेबांनी खबऱ्यांना तोच आवाज शोधायला सांगितला. काही दिवसांनी एका बाजाराच्या गावातून खबर आली. वरोऱ्याकडून आलेला एक मिस्त्री तिथे दुकान टाकून बसला होता आणि त्याच्या दारात अशाच गाड्या धापा टाकत उभ्या राहायच्या.

त्या मिस्त्रीला ठाण्यात आणलं. साहेबांनी विचारलं, दम दिला, चहासुद्धा पाजला. तो भिंतीकडे बघत राहिला. गाडी कोणासाठी बनवली, ते सांगेना. तेवढ्यात त्याची बायको आली. लहान मुलीला शेजारणीकडे ठेवून आली होती.

"साहेब, यायले सोडा. ते काम मीच केलं."

हवालदार हसला. आमच्याकडे दारूच्या केसमध्ये हे नेहमीचंच. घरातला पुरुष सापडला की बाई पुढे होते, कारण बाईला जामीन लवकर मिळतो. मोहाची दारू पकडायला गेलो की बायाच म्हणायच्या, माह्यं नाव लिवा. हीसुद्धा तेच करते आहे, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

मी तिच्या कानाशी म्हणाले, "बाई, ही दारूची केस नाई. माणूस मेला आहे. लवकर सुटका नाई होत याच्यात."

तिचा चेहरा उतरला. "मंग त मी यायले सोडून जातच नाई," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

साहेब मनाने वाईट नव्हते. तिला घरी पाठवायची वाट त्यांनीच काढली. दुकानातून एक जुनं हेड, व्हॉल्व्ह आणि घासायची पेस्ट मागवली, पंच बसवले. तिला म्हणाले, "व्हॉल्व्ह घट्ट बसतील असे घासून दाखव. येत नसेल तर तसं सांग. हिला यातलं काही कळत नाही, असं मी लिहितो. मग घरी जा."

यापेक्षा उघड कोण सांगेल? मीही मान हलवून खुणावलं, नाही म्हण.

हवालदार म्हणाला, "बाई, हे पोळपाट नाई."

"पोळ्या त तुमीबी लाटसान, भाऊ," ती म्हणाली आणि पदर खोचला.

व्हॉल्व्हला पेस्ट लावली, त्याला रबराची वाटी असलेली काठी चिकटवली आणि दोन्ही तळव्यांत ती रवीसारखी फिरवू लागली. मधेच उचलायची, जरा वळवून परत टेकवायची. आधी खरखर आवाज आला, मग तो मऊ होत गेला. तिला ते काम बिघडवता आलं असतं. पण ती आमच्याकडे बघतच नव्हती. कान हेडकडे होता.

मग तिने सगळं पुसलं, दोन्ही व्हॉल्व्ह बसवले, हेड उलटं ठेवून खोलगटात पेट्रोल ओतलं. आम्ही सगळे वाकलो. खालच्या वाटेतून एक थेंब आला नाही.

तिचा नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "व्हॉल्व्ह घासाले इचा हात माह्यापेक्षा साफ आहे, साहेब."

कौतुकाने बोलला. तीही हसली. मग दोघांनाही एकदम कळलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पण सगळं पंचांसमोर झालं होतं, ते लिहावंच लागलं.

त्यानंतर तो माणूस रडत भडाभडा बोलला. चालवणाऱ्याचं नाव सांगितलं, ठिकाण सांगितलं, सगळं माझ्यावर घ्या म्हणाला. चालवणारा सापडला. ठाण्याचं कौतुक झालं. तिचं नाव मात्र सहआरोपींमध्ये राहिलं. जेलच्या वाटेवर गाडीत मीच तिच्या बाजूला होते. "बाई, पोरगी रडून राह्यली असन का?" ती परत परत विचारत होती.

मेलेल्या माणसाच्या घरीही मी साहेबांबरोबर गेले होते. त्याच्या बायकोने विचारलं, "एवढी पळणारी गाडी कोणाले पाह्यजे होती?" त्यामुळे त्या दोघांचं काहीच चुकलं नाही, असं मी म्हणत नाही. गाडी कशाला लागते, हे दोघांनाही माहीत होतं.

कोर्टाने पुढे तिला सोडलं, नवऱ्याला शिक्षा झाली. नंतर एकदा ती बाजारात भेटली. मी विचारलं, "तेव्हा वाकडं काऊन नाई घासलं?"

"घासाले बसली न, बाई. मंग डोक्यात दुसरं काई राह्यलंच नाई."

नोकरीत मी खोटं बोलणारे खूप पाहिले. घरच्या माणसासाठी लोक काहीही बोलतात, आणि आम्ही ते ओळखतो. पण जे काम हाताला येतं, ते जाणून वाईट करणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी दार उघडं ठेवलं होतं. तिला त्यातून जाता आलं नाही.

बाजारात तिची मुलगी पलीकडे मामीचा हात धरून उभी होती; आई जेलात असताना ती मामीकडेच राहिली होती. हिने हाक मारली. मुलगी मामीच्या मागे सरकली.