इंजिनाला घातलेली अंघोळ

कारणाशिवाय जगात काही घडत नाही, यावर माझ्या साडूंइतका विश्वास असलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. ते हायस्कुलात शास्त्र शिकवत आणि घरी आल्यावरही थांबत नसत. एकदा त्यांच्याकडे दूध नासलं. साडूंनी भांडं, शेगडी, झाकण आणि उन्हाळा असे चार संशयित ठरवले आणि चार दिवस रोज एकेक बदलून दूध तापवलं. उन्हाळा कसा बदलला, ते मी विचारलं नाही. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची,’ हा त्यांचा नियम. पाचव्या दिवशी मेहुणीने गवळी बदलला आणि दूध नासायचं थांबलं. त्यावर साडू आठवडाभर हळहळत होते, ‘प्रयोग अर्धवट राहिला.’

त्यांची गाडी एका डॉक्टरांकडून घेतलेली, जुनी, चारांपैकी तीन दारं उघडणारी. तिला ते आजारी माणसासारखं वागवत. ती बंद पडली तरी कुणाला ढकलू देत नसत. ‘तापकऱ्याला कुणी पळवतं का?’ असं विचारत आणि खिशातला खडू काढून मडगार्डवर रोगाची कारणं लिहायला घेत.

दुष्काळ सरून नळाला पुन्हा दोन वेळा पाणी येऊ लागलं, त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. साडूंची मोठी बहीण, अक्का, मैंदर्गीला राहायची. अक्काच्या घरच्या एका लग्नात साडूंना मानाचा फेटा बांधायचा राहिला, त्यावरून बहीणभावाचं बोलणं तुटलं होतं, ते सहा वर्षं. त्या वर्षी अक्कानेच निरोप धाडला, ‘दसऱ्याला जेवायला ये की.’ साडूंनी उलट कळवलं, गाडी घेऊन येतो. सोबतीला मला बोलावलं. सकाळी दहाला मी पोचलो, तर बॉनेट उघडं आणि साडू आत तांब्या ओतताहेत. बाहेरून सात बादल्या झाल्या होत्या, आतून ही चौथी.

“अहो, इंजिनावर?”

“पूजा करायची ती कुणाची, पत्र्याची? आणि अंघोळ म्हटल्यावर नुसतं तोंड धुऊन कसं चालेल, साडूभाऊ?”

हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून त्यांनी स्टार्टर मारला. घर्र घर्र झालं आणि पुढे काही नाही. सात वेळा तेच. कोपऱ्यावरचा टांगेवाला आपणहून आला. “मास्टरसाब, धक्का मारूं क्या? हमे चार जने हैं.” त्याला तापकऱ्याचा दाखला मिळाला आणि मडगार्डवर खडूने यादी सुरू झाली. पेट्रोल येतंय, बरोबरची खूण. प्लग ओले, फुली. ठिणगी नाही, फुली. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर आत पाण्याचे थेंब. साडूंचा चेहरा उजळला. “कारण सापडलं,” म्हणाले, आणि चारही प्लग घेऊन स्वयंपाकघरात गेले.

“पुरणपोळीच्या तव्यावर? आज?” मेहुणीचा आवाज आला.

“धुऊन देतो की मी तवा.”

“धुऊ नका. गाडी धुतलीत तेवढं पुरे.”

तरी चार प्लग तव्यावर भाजून निघाले. साडूंनी झाकणातल्या चार तारा उपसून प्रत्येकीच्या जागेवर खडूने आकडा घातला होता. मेहुणीने मदत म्हणून ते झाकण नव्या टॉवेलने लख्ख पुसलं. पाणी गेलं, तसे आकडेही गेले.

मी हिशेब केला. चार तारा, चार जागा, म्हणजे चोवीस प्रकार. एकेकाला पाच मिनिटं धरली तरी दोन तास. साडेबारा झाले होते. “एसटीने जाऊ,” मी म्हटलं.

साडू पहिल्यांदाच हळू बोलले. “एसटीतून उतरलो तर अक्का म्हणेल, गाडीचं खोटंच होतं. आणि गेलोच नाही तर म्हणेल, हा अजून फेट्यातच अडकलाय.” मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “चोवीस कशाला? एक, तीन, चार, दोन हा ठिणगीचा क्रम पाठ आहे मला. सुरुवात कुठल्या जागेपासून, एवढंच माहीत नाही. चारच प्रकार.”

पहिले दोन फुकट गेले. तिसऱ्याला असा बार उडाला, की टांग्याचं घोडं चौकापर्यंत गेलं. चौथ्याला गाडी सुरू झाली. “हा करून बघायची गरजच नव्हती,” साडू म्हणाले, “तर्काने हाच उरला होता.”

मैंदर्गीला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. अक्का उंबऱ्यावर बसून होती, उपाशी. साडू ठिणगीपासून सगळं समजावायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तम्मा, सहा वर्षं उशीर झालाय. त्यात चार तासांचं काय सांगतोस?” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. साडूंनी बाहेर काढलेला खडू परत खिशात ठेवला.

जेवणं झाल्यावर त्यांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. गावातून दोन फेऱ्या झाल्या. ओळखीच्या प्रत्येक दारापुढे ती गाडी थांबवायची आणि सांगायची, “तम्मा आलाय माझा.” तिचा तो शेवटचा दसरा ठरला, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक. घरापुढे आल्यावर साडूंनी किल्लीकडे हात नेला. अक्काने त्यांचं मनगट धरलं.

“असू दे की चालू. परत सुरू झाली न्हाय म्हंजे?”

उभ्या गाडीत पेट्रोल जाळणं साडूंना पाप वाटे. त्या संध्याकाळी पंधरा मिनिटं इंजिन चालू होतं.