मिरचीची मर आणि आईवरचा आळ

मिरची फुलावर आली आणि झाडं माना टाकू लागली. दुपारी मलूल, संध्याकाळी पुन्हा ताठ. तिसऱ्या दिवशी मात्र उठलीच नाहीत. पानं हिरवीगार आणि झाड मेलेलं. बाबा तडक घरी आले. आईच्या पाळीचे दिवस होते. सर्वांदेखत त्यांनी तिला विचारलं, "विटाळाची असून मिरचीत काऊन गेलती?"

"पानी कोन देनार व्हतं मंग?" आई म्हणाली.

त्या दिवसापासून तिला वावर बंद झालं. रोपं तिनं लावली होती, निंदणही तिचंच. आता भाकरी घेऊन गेली तरी वावराच्या कडेला, धुऱ्यावरच थांबायची. शेजारणी परसातल्या भाजीजवळही तिला फिरकू देईनात. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते, तरी सुट्टीत आल्यावर मीही पहिलं हेच विचारलं, "खरंच गेली होतीस?" तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं अजून सोसत नाही.

मग मीच तालुक्यासारख्या मंडळाच्या गावाहून शेतकी अधिकारी बाईंना आणलं. आमचं गाव तेलुगू मुलखात; त्याही तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. मरतं झाड उपटून त्यांनी खोड तिरपं कापलं, काचेचा गिलास मागवला आणि ते टोक स्वच्छ पाण्यात धरलं. थोड्याच वेळात त्यातून दुधासारखे धागे खाली उतरू लागले.

"ये जंतु का रोग है. फंगस होती तो पत्ते पहले पीले पड़ते. इधर पहले क्या लगाया था?"

"बैंगन," बाबा म्हणाले. "दो साल."

"वो भी ऐसेच मरे थे?"

वांगीही अशीच मेली होती. रोग मातीत राहिला आणि पाटाच्या पाण्याबरोबर वाफ्यावाफ्यात फिरला. वांग्यानंतर जवारी पेरा, असं आई म्हणाली होती. बाबांनी ऐकलं नव्हतं.

चावडीवर त्यांनी सांगितलं, "जमिनीत जंतू निघाले." आईला एक शब्द नाही. मी भांडले, तर म्हणाले, "समजलं ना आता सगळ्यायले? मंग झालं."

पुढच्या पावसाळ्यात तिथं जवारी पेरली. निंदायला बाया मिळेनात, तेव्हा बाबांनी हाक मारली, "चाल वं वावरात."

"माही पाळी हाय," आई दारातून मोठ्यानं म्हणाली.

"चालते," बाबा म्हणाले.

"आता गरज पडली म्हणून जाऊ नको," असं मी म्हणत होते, तरी तिनं विळा घेतला. जवारी चांगली आली. बाबा ती कौतुकानं सगळ्यांना दाखवत फिरले. मी त्या वर्षी सुट्टीभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.