माझ्याबद्दलचा फॉर्म

ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले तेव्हा मी कुणाशीच फारशी बोलत नव्हते. कल्याणला मराठी शाळेत शिकलेले, इथे सगळं इंग्रजीत. डबाही जिन्यात बसून खायचे. तिथेच एकदा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शेजारी येऊन बसली. "एकटीच का गं?"

मी नुसतं हसले. ओळख ना पाळख, हिला माझं काय पडलंय? पण ती दुसऱ्या दिवशीही आली. केमिस्ट्रीच्या स्वतःच्या वह्या दिल्या. तापाने घरी होते तेव्हा फोन केला. नंबर मी दिलाच नव्हता.

आई म्हणाली, "चांगली पोर दिसते." मला मात्र वाटायचं, हिचं काहीतरी काम असणार. तिच्या वह्यांचं मी पान न् पान तपासलं. एक समीकरण चुकलेलं निघालं आणि मला बरंच वाटलं, सापडली एकदाची.

डिसेंबरात जर्नल ठेवायला स्टाफरूममध्ये गेले, तर टेबलावरच्या उघड्या फाइलमध्ये एक फॉर्म, वर माझं नाव. खाली तिचं अक्षर. 'एकटी बसते. डबा जिन्यात खाते.'

कान तापले. तिला लॅबच्या दारातच गाठलं. "माझ्यावर रिपोर्ट लिहितेस?"

ती गडबडली. "लिहायचे. केमिस्ट्रीच्या मॅडमनी आम्हाला एकेक ज्युनिअर दिलेली, लक्ष ठेवायला. नंबरही त्यांनीच दिला."

"म्हणजे सगळं खोटंच!"

"अगं, ते दिवाळीपर्यंतच होतं."

माझा विश्वास बसला नाही. मॅडमना जाऊन विचारलं. त्यांनी फाइल दाखवली. शेवटची नोंद खरंच दिवाळीआधीची होती. त्यानंतरही ती जवळजवळ रोज जिन्यात येत होती.

"मला आधी सांगायचं होतंस," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं.

"सांगितलं असतं तर बोलली असतीस माझ्याशी?"

नसते बोलले. हे तिला माहीत होतं, याचाही रागच आला.

त्या रविवारी तिने माजिवड्याला घरी जेवायला बोलावलं. गेले. पण बेल वाजवण्याआधी भावाला लोकेशन पाठवून ठेवलं. तिच्या आईने दार उघडलं, विचारलं, "ही कोण गं?"

"मैत्रीण आहे माझी," ती समोरच्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

चपला काढता काढता मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. ती कांदा चिरत होती. तिने वरही बघितलं नाही.