सम्राज्ञीची वेणी

स्पेंदूसा अठरा वर्षं रोममधल्या एका बड्या घरात दासी होती. काम एकच, मालकिणीचे केस. वेणीचा पेड जरा सैल पडला की मालकीण केसांतली सुई काढून तिच्या दंडात खुपसायची. मरताना मात्र त्या बाईनं हिला मोकळं केलं. त्याच दिवशी स्पेंदूसानं फण्या नदीत टाकल्या. "आता मेले तरी दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणार नाही," म्हणाली, आणि टांकसाळीत ठसे कोरणाऱ्या एपाफ्राशी संसार थाटला.

सम्राटाची दाढी एपाफ्रा डोळे मिटून कोरायचा. पण नव्या सम्राज्ञीचं काशाचं नाणं काढायचं ठरलं आणि गडी घायकुतीला आला. तिची वेणी जमेना म्हणून दोन ठसे मुकादमानं परत फेकले. तिसराही फसला तर भट्टीवर कोळसा ओढायची पाळी होती.

संध्याकाळी तो मेणाचा नमुना घरी घेऊन आला.

"हे केस होय?" स्पेंदूसा म्हणाली. "मला वाटलं, बाईनं डोक्यावर कणकेचा गोळा घेतलाय."

"हस तू. सम्राज्ञीचा पुतळा बघून बघून डोळे फुटायची वेळ आली. पेड जातो कुठं तेच कळेना."

"मानेखालून वर येतो, गाढवा."

"मग दाखव ना करून."

ती बराच वेळ दंड चोळत बसली. मग जिन्यात जाऊन तिनं शेजारच्या तेर्तुल्लाला हाक मारली, "ए पोरी, फणी घेऊन ये. आणि डोकं हलवायचं नाही, सांगून ठेवते."

बोटं काही विसरली नव्हती. ती एकेक पेड घालत गेली, एपाफ्रा मेणात रेघा ओढत गेला. चुकला की शिव्या खात होता.

ठसा पास झाला. महिन्याभरात नाणी बाजारात आली, वेणीमागं कुणाची बोटं ते तेर्तुल्लानं गल्लीभर केलं, आणि बायका नाणी मुठीत धरून दारात. "अशी वेणी घालून द्याल?" पहिल्या तिघींना तिनं हाकललं. चौथी धोबीण होती, लेकीचं लग्न उद्यावर आलेलं. तिला नाही म्हणवेना.

पुढं सार्वजनिक न्हाणीघराबाहेर तिचं स्टूल कायमचं पडलं. तोंड टाकणारीला ती अर्ध्या वेणीवर उठवायची, मग ती कुणाची का बायको असेना.

नाण्याच्या मागच्या बाजूला सलोख्याची देवी कॉनकॉर्डिया होती, साधा अंबाडा घातलेली. स्पेंदूसा गिऱ्हाइकांना ती बाजू दाखवून म्हणायची, "ही खरी शहाणी. आपला आपण बांधला, की कामाला मोकळी."