गुडघ्यांचे साठ हप्ते

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याचं डोकं खाणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, हे मी आजवर शंभरदा सांगितलं असेल. त्यापुढची गोष्ट मात्र कितीतरी वर्षं टाळत आलो. आता माझीही पंचाहत्तरी उलटली. अजून टाळली तर ती माझ्याबरोबरच जाईल, म्हणून लिहितो.

पुणतांब्याला त्यांची पेरूची बाग होती आणि गावच्या दूध डेअरीत हिशेब लिहिण्यात त्यांची हयात गेली. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. म्हातारपणी मुलानं त्यांच्या फोनमध्ये गुंतवणुकीचं एक अ‍ॅप टाकून दिलं, आणि तिथून आम्हा बाकीच्या तीन साडूंच्या घरांना साडेसाती लागली. पैशावर वर्षाला किती टक्के सुटले, हे ते अ‍ॅप सांगायचं. दाजींनी मग जगातल्या प्रत्येक गोष्टीचा वार्षिक परतावा काढायला घेतला. म्हशीचा काढला, बोअरचा काढला, दोन्ही सुनांच्या शिलाई मशीनचा काढला. आमच्या मुलीच्या लग्नात आहेराचा टॉवेल-टोपी हातात धरून मला म्हणाले, “साडू, तुमच्या लग्नात मी मनगटी घड्याळ दिलं हुतं. एकतीस वर्सांनी हे परत आलं. उणे किती टक्के पडलं, सांगा बरं?”

“दाजी, नवरदेव अजून बोहल्यावर चढायचाय!”

“चढू द्या की. तवर हिशेब हुतोय.”

त्यांच्या शेजाऱ्यानं एकदा दोन आठवड्यांत शेकड्याला चार रुपये मिळवले. अ‍ॅपवर वार्षिक परतावा शंभराच्या कितीतरी वर दिसला, तशी त्या बापड्यानं पेढे वाटले. दाजींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “दोन आठवडं लगीनघरात पुरणपोळी खाल्ली, म्हंजी वर्सभर तेच ताट मिळंल व्हय रं? ह्यो फोन तसंच धरून चाललाय.” शेजारी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पेढा मात्र दाजींनी दुसराही घेतला होता.

पण त्यांचं खरं वेड तारखांचं. पैसा किती टाकला याच्याआधी ते विचारायचे, कधी टाकला? “पैसा म्हंजी रोजंदारीवरचा गडी. एक सकाळी आठाला आला, दुसरा दुपारी चाराला. काम मोजताना तास बघायचं का न्हाई?” अ‍ॅप जे चुटकीसरशी करतं ते दाजी कागदावर करून बघत. एक दर मनात धरायचा, प्रत्येक हप्ता त्याच्या तारखेपासून त्या दरानं वाढवायचा, बेरीज आजच्या रकमेशी जुळते का पाहायचं. आमटीत मीठ टाकत चाखत बसावं तसं चालायचं. “धा धरलं. कमी पडलं. चौदा धरू. लई झालं.” अशात माझ्या दोन एसट्या चुकल्या आहेत.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले, तेव्हा दाजींनीच तोडगा काढला. चार जावयांनी महिन्याला हजार-हजार काढायचे आणि म्युच्युअल फंडात टाकायचे. मी कचेरीत कारकुनी केलेली, म्हणून पैसे गोळा करून भरण्याचं काम माझ्याकडे आलं. पाच वर्षं, साठ हप्ते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चारही घरं आमच्याकडे जमली. दाजींनी हुकूम सोडला होता, की सगळा हिशेब तुमच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये चढवून ठेवा, एकदा सगळ्यांना दाखवू. साठ तारखा कोण टाकत बसणार! मी पहिल्या हप्त्याच्या तारखेला दोन लाख चाळीस हजार एकदम लिहून मोकळा झालो. म्हणजे शेवटच्या महिन्यात आलेला गडीसुद्धा पाच वर्षं राबतोय, असं मी फोनला सांगून ठेवलं.

फोननं साडेसहा टक्के दाखवले.

“आरं तिच्या! म्हंजी बँक बरी हुती की ओ दाजी!” धाकटे साडू ओरडले. “पाच वर्सं डोस्कं खाल्लं आमचं!” बायकापोरं हसायला लागली. मीही हसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दाजींनी कागद काढला, काहीतरी खरडलं, आणि पेन्सील थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “साडू, तारखा येकेक टाकल्या हुत्या नव्हं?”

चार घरं माझ्याकडे बघत होती.

“म्हणजे काय! साठच्या साठ.”

 दाजींनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. “मग माझंच कायतरी चुकलं असंल.”

त्याच आठवड्यात, दार लावून, मी साठ तारखा एकेक टाकल्या. आकडा बाराच्या वर गेला. कुणालाच सांगितलं नाही. दाजींना कागदावर तो तेव्हाच सापडला होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

पुढे दाजी दारात दिसले, की धाकटे साडू म्हणायचे, “आले साडेसहा!” दाजी हसायचे, चपला काढायचे, जेवायचे. परताव्याचा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. ज्या बडबडीला मी वैतागलो होतो, ती बंद झाल्यावर आमच्या पंगती नुसत्या जेवणाच्या राहिल्या. नव्या गुडघ्यांनी तुरुतुरु चालणाऱ्या सासूबाई मलाच विचारायच्या, “थोरलं जावई आताशा बोलत का न्हाईत वो?”

सांगायला म्हणून मी तीनदा पुणतांब्याला गेलो. पहिल्यांदा घरात पाहुणे होते. दुसऱ्यांदा दाजी बागेत औषध फवारत होते आणि मला तेवढंच निमित्त पुरलं. तिसऱ्यांदा ते खाटेवर होते, आवाज खोल गेलेला. माझ्या खिशात तो फोन होता.

“दाजी, त्या तारखा...” मी सुरुवात केली.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “पाचाची एसटी चुकंल तुमची. जाताना पेरू न्या.”

मी पेरू घेतले आणि एसटी गाठली. पंधरवड्यात दाजी गेले.

फार काही बोलायचं नव्हतं. दाजी, सगळे हप्ते मी एकाच तारखेला टाकले होते. तुमचा हिशेब बरोबर होता. माझं चुकलं.