सात नंबरवरचा वेल्को

ग्रोझेव्ह, मिन्चो तोदोरोव्ह. वय अठ्ठावन्न. राहणार लोम, बल्गेरिया. बंद सूतगिरणीचे माजी तंत्रज्ञ. सध्या वाचनगृहाच्या संगणकवर्गाचे शिक्षक. विषय : वेबपानांवरील हलती चित्रे व त्यांची स्क्रिप्ट, प्राथमिक. विद्यार्थी नऊ. यंत्रे सात, सर्व चालू व वापरात. नवशिक्यांच्या अडचणी, सोडवलेल्या : तीनशे बारा. न सुटलेल्या : निरंक. शेरा : समाधानकारक.

२००४च्या डिसेंबरात नगरपालिकेला गेलेल्या या अहवालाची प्रत माझ्या, म्हणजे वाचनगृहाच्या ग्रंथपालाच्या, कपाटात आहे. शेरासुद्धा मिन्चोनेच लिहिला आहे.

माणूस दारू बेताची प्यायचा, राजकारण बोलायचा नाही. व्यसन एकच, दुसऱ्याच्या चुका शोधण्याचं. सकाळी तो इंटरनेटवरच्या एका मंचावर बसायचा आणि जगभरच्या नवशिक्यांना सांगायचा, की चेंडू थांबत नाही कारण तुम्ही शेवटच्या चौकटीत थांबा असं लिहिलंच नाही. दुपारी वर्ग.

ऑक्टोबरात त्याने वर्गाला 'उत्तर देणारं डोकं' करायला दिलं. एक चेहरा घ्यायचा. प्रश्न विचारून त्यावर क्लिक केलं, की तो होय म्हणेल किंवा नाही. होय म्हणजे मान आडवी हलेल, नाही म्हणजे हनुवटी वर जाईल. आमच्याकडे असंच आहे. स्क्रिप्ट मिन्चोने फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांनी उतरवून घेतली.

बेकरीवाल्या गेंचोने नगराध्यक्षांचं डोकं केलं. रस्ता दुरुस्त करणार का? होय. पैसे खाता का? होय. गेंचो म्हणाला, "मास्तर, हा तर खरं बोलायला लागला." वर्ग हसला. मग गाढव, मांजर, कुणाची तरी सासू, सगळेच प्रत्येक प्रश्नाला होय म्हणतात असं दिसलं, तेव्हा मिन्चो फळ्याकडे वळला. यंत्र शून्य आणि एक यांच्यामधला कुठलातरी अपूर्णांक देतं. त्याला दोनने गुणून पुढचे अंक छाटले, तर कधी शून्य मिळतं, कधी एक. मिन्चो गुणायलाच विसरला होता. नुसता अपूर्णांक छाटला की कायम शून्य. शून्य म्हणजे होय. त्याने गुणाकार भरला, सगळ्यांनी भरला.

सात नंबरच्या यंत्रावरच्या त्सोनाने सोडून. ती त्या दिवशी आली नव्हती.

तिचा नवरा वेल्को डॅन्यूबवर मासे धरायचा. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या धुक्यात गेला. होडी प्रवाहात खाली कोझलोदुय गावापाशी सापडली, तो नाही. गावात कुणी गेलं की फाटकावर फोटोसकट शोकपत्रक लागतं, चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, मग वर्षागणिक. त्सोनाचं फाटक कोरं होतं. वालेन्सियात काम करणारा मुलगा, प्लामेन, पत्रक छापून शनिवारी येणार होता. आई हो म्हणाली तरच लावणार होता.

त्सोनाने डोकं केलं होतं ते वेल्कोच्या मासेमारीच्या परवान्यावरच्या फोटोचं. रोज चार वाजता ती सात नंबरवर बसायची, ओठ हलवायची, क्लिक करायची. वेल्को मान आडवी हलवायचा. ती उठून घरी जायची.

मिन्चोला हे कळलं सोमवारी. रात्रभर झोपला नसावा. मंगळवारी त्याने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. चूक माझी, फळ्यावरची, तो होय म्हणतो कारण त्याला दुसरं काही येतच नाही.

तिने ऐकून घेतलं. "मग येईल असं करा, मास्तर. मी पुन्हा विचारते."

या वेळी मिन्चोचा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. गुणाकार भरून त्याने फाईल मंचावर टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे प्रश्न विचारला. बुधवारी एका डच माणसाचं उत्तर आलं : स्क्रिप्ट ठीक आहे, शंभर वेळा चालवली, निम्मं-निम्मं येतं. फक्त तुमची होय आणि नाहीची चित्रं उलटी लागली होती, ती सरळ करून पाठवतो आहे.

बिचाऱ्याने भलेपणाने केलं. त्याच्या देशात मान वरखाली म्हणजे होय. मिन्चोने उत्तराची फक्त पहिली ओळ वाचली आणि त्याने पाठवलेली फाईल उघडली.

चार वाजता त्सोना आली. मी शेजारी वर्तमानपत्रं लावत होतो. आधी मिन्चोने विचारून पाहिलं : आज बुधवार आहे का, मी टकला आहे का. कधी मान आडवी, कधी हनुवटी वर. मग माऊस तिच्याकडे दिला.

"वेल्को, येणार आहेस का?"

मान आडवी. पुन्हा. पुन्हा. अकरा वेळा. मिन्चो म्हणाला, योगायोग असतो, आणि स्क्रिप्ट उघडली. तेव्हा त्याला डच माणसाची अदलाबदल दिसली. आता शून्य आलं की हनुवटी वर जात होती. जुनी चूक राहिली असती, तर वेल्को नाहीच म्हणत राहिला असता. मान आडवी व्हायला एक यावा लागत होता. दर वेळी.

त्सोनाला यातलं काही सांगितलं नाही. तिने अजून एकच विचारलं, "पोराला कागद लावू देऊ?" वेल्कोची हनुवटी वर गेली. तिने डोक्याचा रुमाल बांधला आणि म्हणाली, "ऐकलंत ना, मास्तर. तुम्ही साक्षीला आहात."

शनिवारी प्लामेन आला, सोमवारी पत्रकाची गुंडाळी काखेत मारून परत गेला. फाटक कोरंच राहिलं.

ती गेल्यावर त्या बुधवारी मिन्चो खुर्चीत बसून राहिला होता. मग माऊस धरून, कुणाशी तरी भांडण मिटवायला जावं तशा आवाजात, त्याने विचारलं, "चूक सुटली ना आता?"

हनुवटी वर गेली. पाणी नाकाशी आलेला माणूस करतो, तेवढी.

सात नंबरचा पडदा तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहे.