दगड ठोकून ऐकणारे काका

आमच्या अकोल्याच्या कॉलेजातले भूगोल विभागाचे शिपाईकाका विहिरी खोदणाऱ्यांच्या घरचे. दगड दिसला की हातोडीनं ठोकून कान लावत. सहलीत समुद्रकाठच्या कड्याखाली, एका कपारीत आम्ही डबे उघडले. काकांनी बाहेरूनच वरचा दगड ठोकला, आवाज पोकळ आला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोट्टेहो, उठा. खालचा लाल मऊ थर समुद्रानं खाल्ला, वरचा काळा दगड नुसता लटकून राहिला."

"काका, काहून भेव दाखवून राहिले? जेवू द्या ना," मी म्हणालो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लाटा किनाऱ्याचे कडे कसे पोखरतात यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

काका आत येऊन माझ्याजवळ बसले. "मंग मी बी इथंच बसतो."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वरच्या दगडाकडेच बघत राहिले. मी डबा बंद केला. मी उठलो, तसे सगळे उठले. काका सर्वांच्या शेवटी बाहेर आले.